लिव्हर ट्रान्सप्लांटला वीस बाटल्या रक्त लागतंच का?

वडिलांचं लिव्हर ट्रान्सप्लांट आहे, वीस डोनर तयार ठेवायला सांगितलंय, ऑपरेशनमध्ये रक्त कमी लागावं म्हणून काही करता येतं का, असं तुम्ही विचारलंय. येतं. पण आमच्या घरात यावरून भांडण झालंय, ते आधी ऐका.

दादाला वहिनीने आपल्या लिव्हरचा भाग दिला. पुण्यात, ऐन मे महिन्यात. कॉलेजं बंद, रक्तपेढ्यांत खडखडाट. मंडळाच्या पोरांना फोन लावून लावून सतरा जण गोळा केले. दादाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, २.६; नॉर्मल एकच्या आसपास. आमचे दाजी हडपसरला मेडिकल चालवतात, म्हणजे अर्धे डॉक्टरच. ते अडून बसले: रक्त एवढं पातळ आहे, आधी प्लाझ्मा (रक्तातला गोठवणाऱ्या घटकांचा पातळ भाग) चढवा, मग आत न्या. भूल देणाऱ्या मॅडम नाही म्हणाल्या. दाजींचा आवाज चढला, "आमच्याच पेशंटवर काटकसर का?"

मॅडम चिडल्या नाहीत. माझ्या हातातलं औषधांचं बिल घेतलं, पालथं केलं आणि पेनने आडवा पेला काढला. टेग हे रक्त कसं गोठतं ते दाखवणारं मशीन, त्यावर गुठळीचा आलेख असा दिसतो. देठ लांबला तर गोठवणारे घटक कमी, पोट बारीक तर फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) किंवा प्लेटलेट कमी, शेपूट निमुळतं तर झालेली गुठळी विरघळतेय. जे कमी, तेवढंच द्यायचं. लिव्हर बिघडलं की गोठवणारे घटक घटतात, तसे गोठण्याला लगाम घालणारेही घटतात. आयएनआरला पहिली बाजूच दिसते. आणि प्लाझ्माच्या चार पिशव्या म्हणजे जवळपास लिटरभर पाणी. पोटातल्या शिरा आधीच तुंबलेल्या, त्या आणखी फुगतात आणि कापलं की तिथूनच वाहतं.

दादाला बारा तासांत लाल पेशींच्या तीन पिशव्या आणि थोडं क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन भरपूर असलेला भाग) लागलं. प्लाझ्मा शून्य. दाजींचं आजही एकच, "नशीब बलवत्तर." परवा त्यांच्याच लेकीच्या साखरपुड्यात जिलबी खाता खाता पुन्हा तेच.

तर वडिलांचं हिमोग्लोबिन आणि लोह आत्ताच तपासून घ्या, हाताशी वेळ असेल तर उणीव भरून काढता येते. टेग किंवा तसंच दुसरं मशीन, रोटेम, आहे का विचारा. सांडलेलं रक्त धुऊन परत चढवणारा सेल सेव्हर आहे का तेही विचारा. लिव्हरमध्ये कॅन्सर असेल तर सेल सेव्हर वापरायचा की नाही हे डॉक्टरांवर सोडा. गुठळी विरघळू न देणारं ट्रानेक्सॅमिकचं इंजेक्शनही सरसकट मागू नका, नव्या लिव्हरच्या धमनीत गुठळी झाली तर लिव्हरच जातं. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आणि हो, डोनर गोळा कराच. पोटाचं आधी ऑपरेशन झालं असेल किंवा पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेत) गुठळी असेल, तर कितीही जपलं तरी रक्त जातं. दादाचं तसं काही नव्हतं, हे मान्य.

ते बिल अजून माझ्या फाइलीत आहे. साखरपुड्याला खिशात घालून न्यायला हवं होतं.