पीच गोळी आणि तांबडी भाजी

प्रश्न : ताई, मी फोंड्याची. बेळगावला फार्म.डी.च्या (औषधशास्त्राची सहा वर्षांची पदवी) पाचव्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात सहा आठवड्यांच्या क्लिनिकल ट्रेनिंगसाठी माझं नाव लागलंय. तिकीट, व्हिसा, राहणं धरून साडेचार लाख. बाबा म्हणतात, परत येऊन औषधंच द्यायची आहेत ना? जाऊ का? पुढे तिथे नोकरीला याचा उपयोग होईल का?

उत्तर : नोकरीचं आधी उरकते. नाही होणार. तिथे फार्मासिस्ट व्हायचं तर एफपीजीईई (परदेशी पदवीधरांची पात्रता परीक्षा), टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षा, मग इंटर्नशिपचे तास आणि नॅप्लेक्स, म्हणजे परवान्याची परीक्षा. सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रामुळे यातलं काहीच टळत नाही. तुझी पदवी सहा वर्षांची, म्हणून एफपीजीईईला बसता तरी येईल. 2003पासून किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे चार वर्षांच्या बी.फार्म.वाल्यांना तेही नाही.

बाबांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे एक म्हातारी आहे. अमेरिकेत ओहायोमधली, मी असंच ट्रेनिंग केलं तेव्हाची. घरी सोडायच्या दिवशी तिला वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिकडे या गोळीचा रंग ताकदीवर ठरलेला : 5 मिलिग्रॅम पीच, 2.5 हिरवी. सोमवारी नि शुक्रवारी हिरवी, बाकी दिवस पीच. मी दहा मिनिटं छान बोलले, आजी मान हलवत राहिली. मग माझ्या प्रीसेप्टर (ट्रेनिंगवर देखरेख करणाऱ्या) बाईंनी तिला एवढंच विचारलं, ‘आज रात्री काय घेणार, मला सांगा बरं.’ आजी म्हणाली, ‘दोन्ही.’ असलं औषध, आणि रोज साडेसात मिलिग्रॅम! बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, चूक आजीची नाही, तुझी.

आज म्हापशाला काउंटरवर मी तेच करते. आपल्याकडे रंगाचा भरवसा नाही, कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो, म्हणून पट्टीवरचा आकडा बोट ठेवून दाखवते. मग म्हणते, ‘आतां तुमी म्हाका सांगात.’ एकदा एक आजी सगळं बरोबर सांगून वर म्हणाली, आणि तांबडी भाजी बंद केली, शेजारणीने सांगितलं. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं, ते वॉरफरिनच्या उलट काम करतं, हे खरं. पण डोस बसवला होता तो भाजी खाणाऱ्या आजीला! भाजी अचानक सोडली की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) वर जातो, रक्त जास्तच पातळ होतं. दर आठवड्याला साधारण तेवढीच खा, म्हटलं. आयएनआर लगेच तपासायला पाठवलं. विचारलं नसतं तर कळलंच नसतं.

आता पैशांचं. माझं ट्रेनिंग जुळवून देणाऱ्या मध्यस्थाने राउंडचं (डॉक्टरांबरोबर वॉर्डातल्या फेरीचं) कबूल करून पहिले दोन आठवडे मला गोदामात खोकी मोजायला बसवलं होतं. तेव्हा पैसे भरण्याआधी लेखी घे : वॉर्डात किती दिवस, रुग्णाशी बोलायला मिळणार की नुसतं बघायचं, प्रीसेप्टर कोण. उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नकोस. सहाव्या वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये सहा महिने जनरल मेडिसिन आहेच, तिथे हेच कर, फुकटात.

गेलीसच तर औषधांच्या नावांची वही कर. पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन एपिनेफ्रिन. मी पहिल्याच राउंडला मोठ्या ऐटीत मधुमेहाच्या गोळीला ‘ग्लायबेनक्लामाइड’ म्हटलं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे ते ग्लायब्युराइड.