पाळकसाहेबांची तक्रार कुणाकडे करायची?

प्रश्न : बाई, सलाम. माझी मुलगी बारावीत आहे, येत्या जूनमध्ये अठरा पूर्ण होतील. गायनवर्गात ती पेटी वाजवते. पावसाळ्यापासून आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तिला वर्ग सुटल्यावर ‘खास प्रार्थने’साठी थांबवून घेतात, दार लोटून. रात्री साडेअकराला त्यांचे मेसेज येतात : ‘तू माझी आत्मिक मुलगी’, ‘आईला सांगू नकोस, तिची अजून तेवढी वाढ झालेली नाही’. आता ती गायनवर्गाला जायचं म्हटलं की रडते. मी बोलले, तर पुढच्या रविवारी ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ यावर उपदेश झाला आणि मला प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या पवित्र विधीला) येऊ नका असा निरोप आला. चर्च-कमिटीतले वडील (एल्डर) म्हणतात, दोन-तीन साक्षीदार आणा, नाहीतर प्रार्थना करा. बोभाटा झाला तर मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव जाईल. मी काय करू?
— एक आई, नगर जिल्हा

उत्तर : सलाम. आधी मुलीला सांगा की तिचं काहीही चुकलेलं नाही. दार लोटल्यावर काय झालं हे खोदून खोदून विचारू नका. ती सांगेल तेवढं ऐका आणि त्या दिवसाची तारीख घालून वहीत तिच्याच शब्दांत उतरवा. मेसेज पुसू नका, फोन दुरुस्तीला देऊ नका. मेसेजचे फोटो काढून भरवशाच्या दुसऱ्या फोनवर ठेवा. आणि पाळकसाहेबांना ‘समजावायला’ घरातलं कुणी जाऊ नका. बायबलमधल्या मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं ‘एकांतात जाऊन दोष दाखव’ हे वचन तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. मुलीला ज्याची भीती वाटते त्याच्यापुढे तिला एकटी बसवण्यासाठी ते लिहिलेलं नाही.

मुलगी अठराच्या आत आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. 2012 चा पोक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) तिला लागू होतो. लैंगिक हेतूने अल्पवयीन मुलाशी फोनवरून वारंवार संपर्क साधणं हाही त्यात गुन्हा आहे. हेतू काय होता हे पोलिस आणि न्यायालय ठरवतील, कमिटी नाही. याच कायद्याचं कलम 19 म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या किंवा घडेल अशी धास्ती वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलं पाहिजे. गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, तेव्हा ‘प्रार्थना करा’ म्हणणाऱ्या वडिलांना हे कलम वाचून दाखवा, चेहरे पाहण्यासारखे होतील. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. ठाण्याची पायरी चढायची भीती वाटत असेल तर आधी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलीचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय. तुम्ही शेजारी बसू शकता. तिचं नाव छापायला बंदी आहे.

साक्षीदारांचं म्हणाल तर ते वचन तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं. वडिलांनी एकोणिसावी ओवी वाचली आणि पुस्तक मिटलं. विसावीत लिहिलंय की जे पाप करतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखवावा. शिवाय लोटलेल्या दाराआड दोन-तीन साक्षीदार आणायचे कुठून? तुमचा साक्षीदार त्या फोनमध्ये आहे, तारीखवेळेसकट.

आता ते अभिषिक्तांचं वचन. चाळीस वर्षांत ते मी किती वेळा ऐकलं, आणि दरवेळी खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडून! स्तोत्र 105 घरी उघडा आणि बाराव्या ओवीपासून वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब यांचं लहानसं, परक्या मुलखात भटकणारं कुटुंब आहे आणि देव राजांना दटावतोय की यांना हात लावू नका. म्हणजे ताकीद बलवानाला आहे, दुबळ्यासाठी. तुमच्या गोष्टीत राजा कोण आणि परक्या मुलखातलं लेकरू कोण, हे मी सांगायला नको. दावीद राजाही अभिषिक्तच होता. नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सांगितलं की तो मनुष्य तूच, आणि नाथानाला कुणी प्रभुभोजनातून काढलं नाही.

इतक्या ठामपणे मी हे लिहितेय त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात मी एका मंडळीच्या कमिटीची चिटणीस होते. एक नर्सिंगची मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली, तक्रार जवळपास तुमच्यासारखीच. आम्ही तिला पाणी दिलं, प्रार्थना केली आणि दोन महिन्यांत पाळकसाहेबांची बदली करून घेतली. निरोपसमारंभात शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. कार्यवृत्ताच्या वहीत ‘कौटुंबिक कारणास्तव बदली’ ही ओळ निळ्या शाईत माझ्या हाताने लिहिलेली आहे. तीन वर्षांनी त्यांच्या नव्या गावची एक बायबलबाई (चर्चची प्रचारिका) एका लग्नात भेटली. तिने विचारलं, तुमच्याकडेही असंच होतं का हो? मी ताटातला भात चिवडत बसले.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये जॉन स्मिथ नावाचा वकील ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांतल्या मुलांना अमानुष फटके मारायचा. 1982 मध्येच आतल्या आत अहवाल तयार झाला होता, पोलिसांना कुणी कळवलं नाही. दोन वर्षांनी तो झिंबाब्वेला गेला आणि तिथली मुलं त्याच्या तावडीत सापडली. 2018 मध्ये तो मेला, खटला न चालताच. नोव्हेंबर 2024 मध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप (चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वोच्च धर्मगुरू) जस्टिन वेल्बी यांना याच प्रकरणात राजीनामा जाहीर करावा लागला. फटके त्यांनी मारले नव्हते. 2013 मध्ये कळल्यावर पाठपुरावा केला नाही, हा ठपका होता.

म्हणून पोलिसांना कळवल्यावर बिशपसाहेबांना लेखी अर्ज द्या आणि त्यात ‘बदली नको, चौकशी संपेपर्यंत सेवेतून दूर ठेवा’ असं स्पष्ट लिहा. डायसिसच्या (बिशपांच्या धर्मप्रांताच्या) कचेरीत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी बोलून परत येऊ नका, मी तक्रार ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसलेली आहे, तोंडी आलेल्या तक्रारीचं काय होतं ते मला ठाऊक आहे. प्रभुभोजन बंद केल्याचंही त्यातच लिहा. मेज प्रभूची आहे, पाळकसाहेबांच्या घरची नव्हे.

पुढच्या रविवारी सोबत कुणी नसेल तर मला कळवा. शेजारच्या बाकावर येऊन बसेन.

प्रश्न : चार वर्षं बांधकाम निधीच्या पावत्या फाडल्या, पण वार्षिक सभेत हिशेब नाही. विचारलं तर ‘देवाला दिलं, आता हिशेब कसला?’ वर चर्चमागची जागा बिल्डरला द्यायचं घाटतंय.
— एक सभासद, पुणे

उत्तर : यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी गोळा केलेली वर्गणी प्रेषित पौलाने एकट्याने नेली नाही. कुणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला (2 करिंथ 8). पौलाला हिशेब लागत होता, तुमच्या खजिनदारांना लागत नाही!

1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात चर्चचं नाव घेऊन उल्लेख आहे. धर्मादाय कार्यालयात ट्रस्टचा नोंदणी क्रमांक देऊन मिळकतींच्या नोंदीची आणि ऑडिट अहवालांची नक्कल मागा. जागा विकायला कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही. गैरव्यवहार दिसला तर कलम 41 ड खाली ट्रस्टशी हितसंबंध असलेली व्यक्ती विश्वस्तांना हटवण्याचा अर्ज करू शकते. दोघे-चौघे मिळून करा, एकट्यावर रोष येतो.

सप्टेंबर 2022 मध्ये जबलपूरच्या बिशपांच्या घरी छाप्यात दीड कोटीहून जास्त रोकड सापडली. शाळेच्या फीचे पैसे वळवल्याचा आरोप होता. ते तेव्हा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे मॉडरेटर (सर्वोच्च पदाधिकारी) होते, आणि अटक झाली ती आपल्या नागपूरच्या विमानतळावर. तुमच्या पावतीपुस्तकांची स्थळप्रत कुणाकडे आहे, ते या आठवड्यात विचारून घ्या.