फिनिक्समध्ये मुलांसह पहिला दिवस

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात मुलांसह पहिल्या दिवशी पाहण्यासाठी आपण सहा ठिकाणांची यादी केली आहे; त्यांपैकी चार निःसंकोच खोडावीत. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जात असल्याने डाउनटाउनचा फेरफटका सकाळीच उरकून, लाइट रेलने (शहरातल्या ट्रामसारख्या रेल्वेने) मॅकडॉवेल मार्गाच्या थांब्यावर उतरावे आणि दुपार फिनिक्स कला संग्रहालयाच्या गारव्यात घालवावी. ते रोज उघडे नसते, हे मात्र आधी पाहावे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन: पाणी कमी नेणे आणि प्रत्येक दालन पाहण्याचा हट्ट धरणे. मुलांसाठी संग्रहालयातील जपानी कलाकार यायोई कुसामा यांची काजव्यांची अंधारी खोली पुरेशी आहे. तेथे लुकलुकणारे दिवे आरशांत अनंत होतात आणि भिंत कोठे आहे हेच उमगत नाही, म्हणून लहानग्यांचा हात सोडू नये. अमेरिकी कलाकार नार्सिसा थॉर्न यांच्या १:१२ प्रमाणातील चिमुकल्या खोल्यांपुढे मोठेही रेंगाळतात.