तोरिनोला जातोय, वाइनमधलं काही कळत नाही. जेवताना कोणती मागवू?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात आठ दिवस तोरिनो आणि आसपास फिरायचा बेत आहे, तुम्ही सगळं खाता, बायको शाकाहारी आहे (अंडं चालतं) आणि वाइनच्या यादीतलं ओ की ठो कळत नाही. मी सात वर्षं तोरिनोत राहतो. अख्ख्या इटलीवर बोलायची माझी लायकी नाही, पण या भागाचं, म्हणजे पिएमोन्तेचं, सांगू शकतो.

आधी ते चेरी, चामडं, तंबाखूचे वास वगैरे बाजूला ठेवा. पहिली दोन वर्षं मला त्यातलं काही यायचं नाही, नुसती मान डोलवायचो. जेवणाशी जमवायला दोनच गोष्टी बघा: वाइन आंबट किती आणि तुरट किती. आंबट असेल तर घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं. तुरट असेल तर उलटं, कच्चं केळं चावल्यासारखी जीभ जाड होते. हा तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरतो, म्हणून तोंड कोरडं पडतं. सोबत चरबीचं मांस किंवा मुरलेलं चीज असलं की तोच निवळतो. आंबटपणा तेला-लोण्याला कापतो, आपल्याकडे भज्यांवर लिंबू पिळतात तसा.

आता बारोलो. सगळे तिच्याच मागे असतात. नेब्बिओलो द्राक्षाची ही वाइन नियमाप्रमाणे किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. ग्लास पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरका धरून बघा: मध्ये पातळ लाल, कडेला विटकरी. दिसते पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखी आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळते. तिच्यात डांबर आणि गुलाबाचा वास येतो म्हणतात, आणि हा एक वास मात्र मला खरंच येतो. रस्त्याचं काम चाललंय आणि बाजूला कोणीतरी सुकलेला हार टाकून गेलंय, अगदी तसा. तिच्यासोबत ब्रासातो खातात, म्हणजे वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेलं मांस. ते गोमांस असतं, चालत नसेल तर आधीच लक्षात ठेवा. वहिनींसाठी जुनं, कडक चीज. पण त्या काटेकोर असतील तर एक सांगून ठेवतो, इथल्या बऱ्याच पारंपरिक चीजांत वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, पार्मिजानोतही.

मी पहिल्या वर्षी घरी मटणाचा तांबडा रस्सा केला आणि मित्रांसमोर मोठ्या तोऱ्यात बारोलो उघडली. तिखट, तुरट आणि वर 14 टक्के अल्कोहोल! दुसऱ्या घोटाला सगळ्यांचे कान लाल. बाटली तशीच राहिली आणि आम्ही ताक प्यायलो.

खिशाला आणि जिभेला सोपं हवं असेल तर ‘लांगे नेब्बिओलो’ मागा. द्राक्ष तेच, पण वाइन तरुण आणि बरीच स्वस्त. याच भागातल्या आल्बा गावात ऑक्टोबरात पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या वासाच्या अळंबीचा, बाजार भरतो. तायारिन नावाच्या बारीक, पिवळ्याजर्द शेवयांवर ते किसून घालतात, ग्रॅमवर तोलून, त्यामुळे भाव विचारल्याशिवाय हो म्हणू नका. त्यावर ही वाइन छान जाते. ट्रफल नको असेल तर वहिनींना तेच तायारिन लोणी आणि सेज या सुगंधी पाल्यावर, ‘बुर्रो ए साल्विया’ म्हणून मागवा.

माझी स्वतःची रोजची वाइन मात्र बार्बेरा. रंग गडद जांभळा, तुरटपणा जवळपास नाही, आंबटपणा भरपूर. टोमॅटो, सलामी, तेलकट काहीही समोर ठेवा, ती निभावून नेते. थंडीत इथे बान्या काउदा करतात: ऑलिव्ह तेलात लसूण मंद आचेवर विरघळेपर्यंत शिजवतात आणि त्यात कच्च्या-शिजवलेल्या भाज्या बुडवून खातात. तिच्यासोबत बार्बेराच. पण वहिनींनी सावध राहावं, त्या तेलात अँचोवी मासे विरघळवलेले असतात, दिसत नाहीत. प्लिन या चिमटीएवढ्या पास्त्यातही बहुधा मांसाचं सारण असतं.

पांढऱ्या वाइनमध्ये ‘गावी’ किंवा ‘आर्नेइस’ मागा, माशाबरोबर किंवा नुसतीच. साध्या खानावळीत ‘उन क्वार्तो’ म्हटलं की पाव लिटर त्या खानावळीची नेहमीची वाइन येते, लाजू नका.

शेवटी मोस्कातो द’आस्ती. गोड, किंचित फसफसणारी, अल्कोहोल जेमतेम 5 टक्के, वासाला पीच. इथे हेझलनटच्या केकसोबत देतात. जाणकार म्हणवणारे नाक मुरडतात, मुरडू देत. तिखटाबरोबर ही चालते, कारण गोडवा आग विझवतो आणि अल्कोहोल ती भडकवत नाही. बारोलोवाल्या फजितीनंतर त्याच रश्श्याबरोबर मी हिची थंडगार बाटली काढली होती आणि ती संपली. पुरणपोळीसमोर मात्र हरते. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते.

घरी न्यायला एकच बाटली घेणार असाल तर हीच घ्या, पण शोकेसमध्ये ठेवू नका. ही मुरणारी वाइन नाही, वर्षभरात फ्रिजमधून काढून प्या.