टेबल सॉ घेतलास, आता फेन्सचं बघ

भावा, लगेच नवी फेन्स (लाकूड टेकवून सरळ सरकवायची पट्टी) मागवू नकोस, आधी मशीनचीच नीट सेट कर. प्लग काढ, पात्याच्या एका दाताला खूण कर, तो पुढं असताना फेन्सपर्यंतचं अंतर मोज, मग पातं फिरवून तोच दात मागं ने आणि परत मोज, मागं कमी भरलं तर लाकूड चेपतं आणि किकबॅक बसतो, म्हणजे लाकूड उसळून आपल्याच अंगावर येतं, लय वाईट लागतं रे. रॅक-पिनियनची (दातेरी पट्टी-चाकावर सरकणारी) फेन्स असेल तर सांगलीतल्या आपल्या कपाटं-देव्हाऱ्यांच्या कामाला ती पुरते. पैसे घालायचेच तर पुश स्टिक (लाकूड पुढं ढकलायची काठी) घे, १० इंची मशीन असेल तर प्लायला ६० दातांचं पातं, सागाच्या उभ्या कापाला २४ चं. पात्याचा काप रायव्हिंग नाईफपेक्षा (पात्यामागची, काप मिटू न देणारी पट्टी) रुंदच पाहिजे, नायतर लाकूड तिथंच अडकतं. फेदरबोर्डच्या (लाकूड फेन्सला दाबून धरणारी, बोटांसारखे दात असलेली फळी) आधी मायटर स्लॉट (टेबलावरची लांब खाच) मोज, छोट्या मशीनला पाऊण इंची असेलच असं नाही.