डेलॉसची बोट चुकू नये म्हणून

प्रश्न : जुलैत ग्रीसला मिकोनॉस बेटावर तीन दिवस आहोत. शेजारच्या डेलॉस बेटावरचे प्राचीन अवशेष कधी बघावेत? (वाचक, मालवण)

उत्तर : पहिल्याच दिवशी. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात; ग्रीसमध्ये मात्र जुलै-ऑगस्टच्या लख्ख उन्हात ‘मेल्टेमी’ हा उत्तरेचा वारा सुटतो आणि बोटी रद्द होतात. पुढचे दोन दिवस हाताशी हवेत. जुन्या बंदरातून सकाळची पहिली बोट धरा, अर्ध्या तासाचाच प्रवास. डेलॉसवर सावली जवळपास नाही, मुक्कामाला बंदी; पाणी, टोपी घ्याच. उघड्यावरचे संगमरवरी सिंह प्रतिकृती आहेत. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातले मूळ सिंह, वाऱ्यापावसाने झिजलेले, जपणुकीसाठी संग्रहालयात हलवलेत. तिथली किंथॉस टेकडी जेमतेम 112 मीटर. पायऱ्या खडबडीत, चपला नकोत. वाऱ्याच्या दिवशी पोहायला मिकोनॉसचा दक्षिण किनारा, ऑर्नोस किंवा प्लातिस यालोस.