समुद्राचे प्रश्न : दोघं, दोन दिवस आणि देवमासा

प्रश्न : ताई, माझ्या नवऱ्याला देवमाशांचं वेड लहानपणापासूनचं. या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला जोडून शनिवार-रविवार मिळतोय, म्हणून किनाऱ्यावर जाऊन देवमासे बघायचं ठरवतोय. अडचण अशी, की मला बोट लागते, तीही जोरात. आणि एवढं करून काही दिसलंच नाही तर त्याचा चेहरा मला बघवणार नाही. दोन दिवसांत दिसण्याची शक्यता किती? त्याला एकट्याला बोटीने पाठवून मी खोलीवर थांबले तर चालेल का?
(एक वाचक)

उत्तर : खोलीवर थांबू नका. तुमच्या पत्रातला हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

देवमासा बघायला बोटच हवी असं अजिबात नाही. तिकीट काढून बोटीतून देवमासे दाखवायला सुरुवात झाली ती कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला, १९५५ साली, माणशी एक डॉलर घेऊन. पण त्याआधी पाच वर्षं, १९५० मध्ये, तिथल्याच कॅब्रिलोच्या उंच टोकावर ग्रे व्हेल बघण्यासाठी लोकांना जागा करून दिलेली होती. म्हणजे हा छंद मुळात जमिनीवरचा आहे. दक्षिण आफ्रिकेत हर्मानसला कड्याकडेच्या पायवाटेवरून चालताना सदर्न राइट व्हेल खाली पाण्यात लोळताना दिसतात. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडे, तादुसाकच्या आसपास, लोक खडकांवर बसून देवमासे बघतात.

उंचीचा हिशेबही तुमच्या बाजूचा आहे. डोळे पाण्यापासून दोन मीटर वर असले, तर क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर असतं. तीस मीटर उंच कड्यावर बसलात की तेच वीस किलोमीटरच्या जवळपास जातं. बोटीतल्या माणसापेक्षा कड्यावरच्या माणसाला कितीतरी जास्त समुद्र दिसतो. देवमासा लांब दिसेल, हे खरं. पण कुठे वर आला, कुठे बुडी मारली, पुन्हा कुठे निघाला, हा सगळा प्रवास कड्यावरूनच कळतो, आणि मला स्वतःला तो बघायला फार आवडतो.

आता शक्यतेचं. बरेच जण आधी सुट्टी ठरवतात आणि मग तिथे देवमासा असेल अशी आशा करतात. हे उलट करा. देवमाशांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईच्या कोमट पाण्यात पिल्लं घालायला येतात, साधारण डिसेंबर ते एप्रिल. ऑस्ट्रेलियात हर्वी बेला परतीच्या वाटेवरच्या माद्या पिल्लांना घेऊन थांबतात, ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या खाजणांत ग्रे व्हेल जानेवारी ते मार्च. अर्जेंटिनात वाल्देस द्वीपकल्पाला सदर्न राइट जून ते डिसेंबर. श्रीलंकेत मिरिसाच्या समोर निळे देवमासे डिसेंबर ते एप्रिल. न्यूझीलंडमधलं कायकौरा वेगळं आहे. तिथे किनाऱ्यालगतच समुद्रतळाला खोल दरी आहे, त्यामुळे खोल पाण्यात शिकार करणारे स्पर्म व्हेल बाराही महिने किनाऱ्याजवळ सापडतात. तुम्ही निवडलेल्या किनाऱ्यावर ऐन हंगाम कोणता, हे पक्कं करा. हंगाम सुरू होण्याच्या आठवड्यात जाणं आणि ऐन भरात जाणं यात फार फरक आहे. वाढदिवस महिनाभर पुढे ढकलावा लागला तर खुशाल ढकला.

हंगामाच्या खालोखाल वारा. वारा ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या पुढे गेला की लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागतात आणि वीसच्या पुढे ते सगळीकडे होतात. मग दूरचा फवारा कोणता आणि लाट कोणती, हे सरावलेल्या डोळ्यालाही कळत नाही. दिवस चढतो तशी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून सकाळ बरी. शनिवारी सकाळची पहिली बोट घ्या. हवामानामुळे ती रद्द झाली तर रविवारची सकाळ हातात राहते. उरलेला वेळ दोघांनी कड्यावर काढा, विशेषतः संध्याकाळी सूर्य खाली आल्यावर. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर त्या तिरप्या उजेडात फवारा मागून उजळतो आणि एरवी निसटला असता तोही दिसतो.

बोट लागण्याबद्दल. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, आणि समोरची केबिनची भिंत डोळ्यांना सांगते की सगळं जागच्या जागी आहे. या भांडणातून मळमळ होते. म्हणून केबिनमध्ये बसू नका. बाहेर, खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यावर बसा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी असतात. डिझेलच्या धुरापासून लांब. नजर क्षितिजावर. मोबाइल खिशात. दुर्बीण सतत डोळ्याला लावून ठेवू नका, आधी नुसत्या डोळ्यांनी शोधा, मग दुर्बीण उचला. पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. गोळी घेणार असाल तर निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर ती फारसं काही करत नाही. या गोळ्यांनी झोप येते आणि इतर औषधं चालू असतील तर त्या सगळ्यांनाच चालतात असं नाही, तेव्हा आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. एवढं करून बोटीवर चढा. दोन-तीन तासांची फेरी असेल ती घ्या, दिवसभराची नको. आणि तरीही जमणार नाही असं त्या सकाळी वाटलं, तर कड्यावर जाऊन बसा आणि तुमच्या बाजूने शोधा. संध्याकाळी दोघांकडे सांगायला वेगवेगळं काही असेल.

काही दिसलं नाही तर? तुमच्या नवऱ्याला एवढ्या वर्षांचं वेड आहे म्हणजे त्यांना हे माहीत असणार, की समुद्रात कुणी देवमासा बांधून ठेवलेला नाही. मी अशा बोटींवर माहिती सांगायचं काम केलं आहे. रिकाम्या हाताने परतलेल्या फेरीनंतर सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी माणसं हीच वेडी माणसं असायची. त्यांच्या चेहऱ्याची काळजी सोडा.

प्रश्न : आम्ही ज्या किनाऱ्यावर जाणार आहोत तिथे बोटवाले पुष्कळ आहेत. काही जण 'अगदी जवळ नेऊ, हमखास दाखवू' म्हणतात. कुणाची बोट घ्यावी?
(नवविवाहित जोडपं)

उत्तर : 'अगदी जवळ' म्हणणाऱ्याची घेऊ नका.

देवमासा ऐकून जगतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि लांबवर पोचतो. आई आणि पिल्लू एकमेकांना हाक देतात ती याच पाण्यातून. त्यात तीन-चार बोटींची इंजिनं घुमायला लागली की त्यांचं एकमेकांना ऐकू येणं आटतं. हंपबॅकची मादी पिल्लाला पाजत असते त्या काळात कोमट पाण्यात जवळजवळ काहीच खात नाही. थंड समुद्रात साठवलेल्या चरबीवरच तिचं आणि पिल्लाचं भागतं, आणि पुढे हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास असतो. बोट टाळायला तिने मारलेली प्रत्येक बुडी त्या साठ्यातूनच जाते. आपण दोन दिवसांसाठी तिच्या बाळंतघरात आलेले पाहुणे आहोत, हे मी पुन्हा पुन्हा सांगते.

बऱ्याच देशांत निदान शंभर मीटरचं अंतर ठेवायचा नियम आहे, पिल्लू बरोबर असेल तर काही ठिकाणी याहून जास्त. फोन करून विचारा : अंतर किती ठेवता? एका देवमाशाजवळ किती वेळ थांबता? बोटीवर माहिती सांगणारं कुणी असतं का? चांगला बोटवाला यावर खुशीने बोलतो. त्याची बोट देवमाशाच्या थेट समोरून किंवा मागून जात नाही, बाजूने, त्याच्या दिशेला समांतर, सावकाश जाते. देवमासा आपणहून जवळ आला तर तो इंजिन न्यूट्रलला टाकतो आणि वाट बघतो. बाहा कॅलिफोर्नियाच्या खाजणांत ग्रे व्हेल असे आपणहून होडीला येऊन भिडतात. ज्या पाण्यात माणसांनी त्यांची बेसुमार कत्तल केली होती, त्याच पाण्यात. मला यापेक्षा मोठी गोष्ट माहीत नाही.

'दिसला नाही तर दुसरी फेरी फुकट' म्हणणारा मात्र खुशाल निवडा. त्यात दिसेलच असा दावा नाही.

प्रश्न : आम्ही दोघं जाऊन आलो. हंपबॅक दिसला, पण नुसती पाठ आणि एकदा शेपूट. सगळे व्हिडिओ उड्या मारणाऱ्या देवमाशांचे असतात. बायको खूश आहे, मी मात्र थोडा नाराज. आम्ही कमनशिबी ठरलो का?
(एक वाचक)

उत्तर : तुमच्या बायकोने बरोबर बघितलं. तुम्ही काय पाहिलंत ते जरा सावकाश सांगते.

आधी फवारा. ती देवमाशाची गरम श्वासाची वाफ असते, नाकपुडीभोवतीच्या पाण्याचे थेंब तिच्याबरोबर उडतात. हंपबॅकचा फवारा बुटका आणि झुपकेदार असतो, सदर्न राइटचा इंग्रजी 'व्ही'सारखा दुभंगलेला, स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे झुकलेला, कारण त्याची नाकपुडी डोक्याच्या टोकाला डाव्या बाजूला असते. वारा तुमच्याकडे असेल तर वासही येतो, सडक्या मासळीचा. मग पाठ, तिच्यावर लहानसा पर. असे काही श्वास थोड्या थोड्या अंतराने होतात. त्यानंतर एका वेळी पाठ नेहमीपेक्षा उंच कमान करते. ही खूण ओळखायला शिका, कारण पुढच्याच क्षणी शेपूट वर येणार असते. शेपूट बुडाली की त्या जागी पाण्यावर गोल, तेल ओतल्यासारखा गुळगुळीत डाग उमटतो आणि लाटा असूनही बराच वेळ टिकतो. शेपटीच्या फटकाऱ्याने वर ढकललेल्या पाण्याचा तो ठसा. पुढच्या खेपेला तोही बघा.

आणि तुम्ही पाहिलेली शेपूट खालच्या बाजूने नीट दिसली असेल, तर तुम्हाला त्या देवमाशाची ओळखच पटवली गेली आहे. काळ्या-पांढऱ्या खुणांची ती नक्षी आणि कडेच्या खाचा प्रत्येक हंपबॅकच्या वेगळ्या असतात. तुमच्याकडे फोटो असेल तर 'हॅपीव्हेल' या उपक्रमाकडे पाठवा. लोकांनी पाठवलेले शेपटीचे फोटो ते आधीच्या फोटोंशी ताडून बघतात, आणि तुमचा देवमासा याआधी कुठल्या समुद्रात कुणाला दिसला होता हे कळू शकतं. उडीच्या फोटोवरून हे बहुधा जमत नाही. फोटो नक्की पाठवा, दोघांच्या नावाने.

प्रश्न : नवऱ्याने नवा ड्रोन घेतलाय. वरून देवमाशांचं शूटिंग करायचं म्हणतो. नेऊ का?
(एक वाचक)

उत्तर : घरी ठेवा. कित्येक देशांत देवमाशांवर ड्रोन उडवायला परवानगी लागते किंवा उंचीची मर्यादा असते. अभ्यासक ड्रोन वापरतात, अगदी फवाऱ्यातले थेंब गोळा करण्यापर्यंत. पण ते परवाना घेऊन, ठरावीक कामापुरते. शिवाय कड्यांवर समुद्रपक्षी घरटी करतात आणि ड्रोन आला की अंडी उघडी टाकून उडतात. नवऱ्याला सात किंवा आठ पटीची चांगली दुर्बीण भेट द्या. दहा पटीची हलत्या बोटीवर थरथरते.

प्रश्न : किनाऱ्यावर फिरताना वाळूत अडकलेला जिवंत देवमासा दिसला तर आम्ही दोघं काय करू शकतो? एकदा मोठा जमाव शेपटीला दोर बांधून ओढताना पाहिलं होतं.
(एक वाचक)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार.

शेपूट कधीही ओढायची नाही. मणक्याला आणि शेपटीच्या सांध्याला इजा होते, मग तो पाण्यात जाऊनही पोहू शकत नाही. घाईने पाण्यात लोटायचंही नाही. तो आजारी किंवा जखमी असेल तर पुन्हा किनाऱ्यालाच येईल. पहिलं काम फोनचं : एकाने तटरक्षक दल, वनविभाग किंवा त्या ठिकाणची प्राणी बचाव यंत्रणा गाठायची, नेमकी जागा, अंदाजे लांबी आणि श्वास चालू आहे का हे सांगायचं. हे फोन नंबर सहलीला निघण्याआधीच दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

दुसऱ्याने तोवर गर्दी आणि कुत्री लांब ठेवायची. पाण्याबाहेर त्याच्या स्वतःच्या वजनाखाली त्याची फुप्फुसं दबतात, आणि चरबीच्या जाड थरामुळे अंग तापत जातं. म्हणून ओली चादर पाठीवर टाका, वरून समुद्राचं पाणी घालत राहा. नाकपुडी मात्र मोकळी ठेवा, तिथे पाणी, वाळू, कापड काहीही जाता कामा नये. लहान असेल आणि कुशीवर पडला असेल तर मदत येईपर्यंत चौघांनी मिळून हळूच पोटावर करा, पुढचे पर अंगाखाली दुमडले गेले असतील तर त्यांच्याखालची वाळू उकरा. मोठा असेल तर हलवायच्या भानगडीत पडू नका आणि शेपटीजवळ उभे राहू नका, एका फटक्यात माणूस जायबंदी होतो. तोंडासमोर, फवाऱ्याच्या झोतातही नको, त्यातून रोगजंतू येऊ शकतात. दोन श्वासांमधलं अंतर घड्याळात बघून लिहून ठेवा. पशुवैद्य आल्यावर सगळ्यात आधी तेच विचारतील.